वहिनीच्या कॉम्प्युटरचं घड्याळ

ही घटना खरी आहे. माझ्या घरातली आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पुढे जावं, मला वाईट वाटणार नाही. हल्ली मला कशाचंच फारसं वाईट वाटत नाही.

आणि एक आधीच सांगून ठेवतो. यात मध्यरात्र नाही, अमावस्या नाही, कुत्रीही रडत नाहीत. जे सुरू झालं ते रविवारी भर दुपारी, दादाच्या घरातल्या मागच्या खोलीत. पंखा चालू होता. खिडकी सताड उघडी होती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्या दुपारी तो नव्हता.

तो जाऊन दीड महिना होत आला होता. ऑफिसातून घरी येताना, रस्त्यात, गाडीवरून पडून.

मी रडलो नव्हतो. लोक म्हणाले, धक्का बसलाय, येईल बाहेर. काही आलं नाही. मी कामावर जात होतो, जेवत होतो, झोपत होतो. दाढ काढताना भूल देतात ना, तसं. गाल आपलाच असतो, पण बोट लावलं तरी कळत नाही.

माझं काम एका ऑफिसातले कॉम्प्युटर दुरुस्त करण्याचं. म्हणून वहिनीने मला बोलावलं.

तिला नोकरी लागली होती. घरून करायची. पण ऑफिसचा प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालायचा, आणि घरात एकच मशीन... दादाचं. त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टीम.

दादाचं लिनक्सवर भारी प्रेम. पाहुणा आला की चहाच्या आधी लिनक्स. माझ्या तर हात धुऊन मागे लागला होता.

"तुझ्या लॅपटॉपवर एकदा येऊन टाकून देतो बघ. फक्त एक सुट्टी मिळू दे मला."

"दादा, माझं विंडोजवर बरं चाललंय. कशाला नसतं लचांड?"

"पालथ्या घड्यावर पाणी," असं म्हणून तो हसायचा.

ती सुट्टी त्याला मिळाली नाही.

असो. त्याच्या लिनक्सच्या ड्राइव्हला पासवर्डचं कुलूप होतं आणि पासवर्ड त्याच्याबरोबरच गेला. आत काय होतं ते वहिनीला ठाऊक होतं. लग्नानंतरचे सगळे फोटो. आणि त्याचा आवाज. तो स्वयंपाकघरात गाणी म्हणायचा, ती त्याने हौसेने रेकॉर्ड करून ठेवली होती.

"भाऊजी, नोकरी मला हवी आहे," वहिनी म्हणाली. "पण ह्यांच्या ड्राइव्हला धक्का लागता कामा नये. आज उघडत नाही, कदाचित कधीतरी उघडेल."

"वहिनी, तू काळजी करू नको. विंडोजसाठी मी नवी ड्राइव्ह आणलीये. दादाची आहे तशी राहील. दोघं एका घरात, पण चुली वेगळ्या."

आता कामाची पद्धत सांगतो, कारण सगळं तिथेच अडलंय.

एकाच मशीनमध्ये दोन ड्राइव्हवर दोन सिस्टीम ठेवायच्या असतील, तर विंडोज टाकताना लिनक्सची ड्राइव्ह जोडलेली ठेवायची नाही. विंडोज आपलं सुरुवातीचं सामान त्या दुसऱ्या ड्राइव्हवर मांडून बसू शकतं. एकदा एका गिऱ्हाइकाच्या मशीनवर माझं तोंड पोळलंय, तेव्हापासून मी ताकही फुंकून पितो. सरळ दोन्ही वायरी काढायच्या. डेटाची आणि पॉवरची.

मी कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं. आत दादाने सगळ्या वायरी जुन्या शर्टाच्या चिंध्यांनी बांधलेल्या. त्याच्या ड्राइव्हवर चिकटवलेली पट्टी, त्याच्याच अक्षरात... 'विचारल्याशिवाय हात लावू नये.'

मला हसू यायला हवं होतं. किंवा रडू. मी पेचकस घेतला आणि ड्राइव्ह बाहेर काढली.

वहिनीने ती दोन्ही हातांत घेतली. कपाटात, त्याच्या घडी केलेल्या शर्टांमध्ये ठेवली.

संध्याकाळपर्यंत विंडोज चालू झालं. मी म्हणालो, "आता दादाची परत जोडतो."

"राहू दे. कपाटातच बरी आहे. उगाच काही व्हायला नको."

मीही आग्रह केला नाही. जोडली असती तर पासवर्डचा तो रिकामा चौकोन बघावा लागला असता.

म्हणजे लक्षात घ्या. मशीनमध्ये फक्त विंडोज. लिनक्स कपाटात. मध्ये एक भिंत आणि एक बंद दार.

त्याच आठवड्यात वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, कॉम्प्युटरचं घड्याळ मागे गेलंय. ऑफिसचं लॉगिन होत नाहीये."

घड्याळ फार चुकलं की असली लॉगिन होत नाहीत. मी फोनवरच वेळ नीट करायला लावली. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशीही.

मशीनच्या मुख्य बोर्डवर बटणाएवढा सेल असतो, त्यावर आतलं घड्याळ चालतं. सेल संपला असेल म्हणून मी जाऊन नवा घातला.

दुसऱ्या सकाळी फोन...

"मागे आहे."

"किती?"

तिने सांगितलं. आदल्या दिवशी होतं तेवढंच. त्याच्या आदल्या दिवशी होतं तेवढंच.

मी ऑफिसात उभा होतो. हातात कुणाचा तरी कीबोर्ड होता. तो मी हळूच खाली ठेवला.

सेल संपला तर घड्याळ कसंही भरकटतं. रोज नेमकं तेवढंच मागे जात नाही. रोज तेवढंच मागे जाण्याचं माझ्या माहितीत एकच कारण आहे.

विंडोज आतल्या घड्याळात इथली वेळ ठेवतं. लिनक्स त्याच घड्याळात जगाची प्रमाण वेळ ठेवतं आणि इथली वेळ मनात हिशेब करून दाखवतं. त्यामुळे आधी लिनक्स चालवून बंद केलं आणि मग विंडोज लावलं, की विंडोजचं घड्याळ मागे दिसतं. आपल्याकडे जेवढ्या तासांचं अंतर पडतं, बरोबर तेवढं. साडेपाच तास.

म्हणजे रोज सकाळी, वहिनीच्या आधी...

त्या मशीनवर कुणीतरी लिनक्स लावत होतं.

मी आमच्या ऑफिसातल्या म्हाताऱ्या टेक्निशियनला विचारलं. त्याला सगळे काका म्हणतात. काका म्हणाले, "बोर्ड गेला असेल. आणि तू चार दिवस रजा घे. चेहरा बघ आरशात."

मी रजा घेतली नाही. दुपारी वहिनीकडे गेलो.

विंडोजच्या नोंदी बघितल्या. संध्याकाळी बंद, सकाळी चालू. मध्ये काही नाही. कॅबिनेट उघडलं. दादाच्या ड्राइव्हची जागा रिकामी. वायरींची तोंडं मी चिंधीने बाजूला बांधली होती, ती तशीच. गाठही माझीच.

वहिनी दारात उभी होती.

"भाऊजी, ही नवी ड्राइव्ह आवाज करते का हो?"

"नाही. हिच्यात फिरणारं काहीच नसतं."

"मग सकाळी..." ती थांबली. "मी चहा ठेवते तेव्हा आतून येतो. घर्र... आणि मग टक. टक. मला वाटलं, नवीचाही तसाच असेल."

दादाची ड्राइव्ह जुनी होती. फिरणारी. सकाळी वहिनीने गॅस पेटवला की तो मशीन लावायचा. घर्र... टक. टक. हा आवाज त्या घरात वर्षानुवर्षं चहाबरोबरच यायचा.

"वहिनी, ती ड्राइव्ह जरा आण."

तिने कपाट उघडलं. शर्टांमधून ड्राइव्ह काढून माझ्या हातात दिली.

ती गरम होती.

कोमट नाही. चालत्या मशीनमधून आत्ता काढावी तशी गरम.

"उन्हात ठेवली होतीस?"

"नाही हो. कपाटातच असते." तिने माझ्याकडे पाहिलं. "रोज अशीच असते. मी रोज हात लावून बघते ना. मला वाटलं, या गरमच असतात."

मला घाबरायला हवं होतं.  मी नुसता बघत होतो.

मी तिला काही सांगितलं नाही. कसं सांगणार? तिची नोकरी नवी. सकाळी उशिरा लॉगिन होतं म्हणून तिच्या साहेबांनी दोनदा सुनावलं होतं, आता पुन्हा झालं तर घरी बसा म्हणाले होते. घरी तर ती बसलेलीच होती, पण साहेबांशी कोण वाद घालणार? आणि दादाचा पगार बंद झालेला.

तिने एवढंच म्हटलं, "ते घड्याळ तेवढं नीट करून द्या."

उपाय आहे. विंडोजलाही सांगता येतं की आतलं घड्याळ जगाच्या वेळेवर आहे असं समज. एक छोटीशी सेटिंग. मग मध्ये लिनक्स चालून गेलं तरी फरक पडत नाही. दोघांचं घड्याळ एकच होतं.

मी ती सेटिंग केली. "आता कधी चुकणार नाही," म्हणालो.

नाहीच चुकलं. साहेब खूश. वहिनीचं काम मार्गी लागलं.

मग एका रविवारी जेवायला गेलो होतो. ताट वाढता वाढता तिने सहज विचारलं, "काय झालं होतं हो त्या घड्याळाला?"

खोटं बोलायला थोडी तरी उमेद लागते. माझ्यात ती नव्हती. मी खरं ते सांगून टाकलं. लिनक्स चालून गेलं की घड्याळ मागे जातं. एवढंच. पुढचं ती समजली.

वाढणारा हात तसाच राहिला.

"म्हणजे... ते रोज येत होते?"

मी ताट थोडं पुढे सरकवलं.

"आणि आता आले तरी मला कळणार नाही. असंच ना?"

"वहिनी, नोकरी..."

"नोकरी मी बघते. घड्याळ रोज हाताने लावीन, पहाटे उठून लावीन. तुम्ही ते परत चुकू द्या, भाऊजी. परत होतं तसं करा."

ती ओरडली नाही. रडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

जेवण तसंच टाकून मी मागच्या खोलीत गेलो. ती सेटिंग काढून टाकली, वेळ एकदा हाताने बरोबर लावली. मी मशीन बंद करत होतो, तेवढ्यात तिने कपाटातून ड्राइव्ह आणून टेबलावर ठेवली.

मी हात लावला.

थंड होती. खिडकीच्या गजासारखी थंडगार.

"कधीपासून?"

"तुम्ही घड्याळ नीट केलंत ना, त्यानंतर दोन-तीन दिवसांनी निवली," ती म्हणाली. "मला वाटलं, थंडी पडलीये म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम तिच्याकडे गेलो. तिने चहा ठेवला. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे राहिलो. मी श्वास रोखून ऐकत होतो...

चहा उकळला. बाकी काही नाही.

तिने जाऊन बटण दाबलं. स्क्रीन लागला. कोपऱ्यातली वेळ मी माझ्या मनगटाशी ताडून पाहिली.

बरोबर होती.

"बरोबर आहे," वहिनी म्हणाली. घरातलं माणूस गाडीतून उतरलं नाही की स्टेशनवर उभा असलेला जसं म्हणतो, 'नाही आला', तसं.

याला आता बरेच आठवडे झाले. नोकरी नीट चाललीये. तिने ड्राइव्ह शर्टांमध्ये परत ठेवलीये. रोज सकाळी ती मशीन लावते, वेळ बघते आणि मला फोन करते. फोनवर दोनच शब्द. 'बरोबर आहे.' मी 'हं' म्हणतो. आम्ही फोन ठेवतो.

आजपर्यंत हे असंच चाललं होतं.

आज सकाळी मी अंघोळ करून आलो आणि माझा लॅपटॉप उघडला. माझा. यावर विंडोज आहे, पहिल्या दिवसापासून विंडोजच. लिनक्स यावर कधी आलेलं नाही. एक माणूस टाकून देतो म्हणाला होता, त्याला सुट्टी मिळाली नाही.

आज सुट्टी आहे.

कोपऱ्यातलं घड्याळ मागे होतं.

किती मागे, ते मी मोजलं नाही. मला माहीत होतं.

लॅपटॉपच्या पाठीला हात लावला. गरम होती. रात्रभर बंद होता तो.

नळ सुरू असताना आत काही आवाज झाला होता का, ते आठवून बघतोय. मला नक्की सांगता येत नाही. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती दाढेची भूल उतरू लागलीये. बोट लावलं की कळतंय.

तेवढ्यात फोन वाजला. वहिनी.

तिला काय सांगू? ती रोज चहा ठेवून वाट बघते आणि तो माझ्याकडे आला?

"भाऊजी," ती म्हणाली. "बरोबर आहे."

"हं," मी म्हणालो.

फोन ठेवला. खिडकीतून लख्ख ऊन टेबलावर आलं होतं. मी घड्याळ नीट केलं नाही. माझ्या स्क्रीनवर अजून रात्रच होती.