कासवाचे चौदा दिवस

सूर्यआड संपायला चाळीस मिनिटं उरली होती आणि अंकुश भोपळे संपर्कखोलीच्या दाराशी उभा होता. बोअरच्या शेडमधून तो तसाच आला होता. बुटांवर मंगळाची गंजाच्या रंगाची धूळ होती.

"आत तरी या, अंकुशभाऊ," तळाचा संपर्क सांभाळणाऱ्या डॉ. शाहीन मुजावर म्हणाल्या. "बाहेर उभं राहिलात म्हणून सूर्य लवकर सरकायचा नाही."

"असू द्या मॅडम, धूळ पडेल."

"इथं धुळीशिवाय दुसरं आहे काय?"

सूर्यआड हा तळावरच्या माणसांचा शब्द. साधारण सव्वीस महिन्यांतून एकदा पृथ्वी आणि मंगळ सूर्याच्या दोन बाजूंना जातात, मधला सूर्य संदेश गढूळ करून टाकतो आणि दोन आठवडे सगळी बोलणी बंद ठेवावी लागतात. एरवी त्याचं कुणाला फारसं काही वाटत नसे. पण या खेपेला बोलणी बंद झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी अंकुशच्या दहा वर्षांच्या मुलीचं, मैथिलीचं, लातूरला मणक्याचं ऑपरेशन होतं. तारीख पुढं ढकलण्यासारखी नव्हती. अंकुश मूळचा उदगीरचा बोअरवाला. तिकडं पाण्यासाठी जमिनीला भोक पाडायचं, इथं बर्फासाठी, एवढाच फरक, असं तो सांगे. गेले चौदा दिवस मात्र तो काहीच सांगत नव्हता.

बोलणी सुरू होताच आलेला पहिला निरोप त्याच्या बायकोचा, शीतलचा होता. "ऑपरेशन नीट झालं. पायाची सगळी बोटं हलवते. काल टेकून बसली. पोहे मागत होती."

अंकुश धुळीसकट खुर्चीत बसला. दोन्ही हातांनी तोंड पुसलं, मग परत पुसलं. शाहीन खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, तरी.

दुसरा निरोप मैथिलीचा. "पप्पा, तुम्ही म्हणाला होतात रोज येईन, आणि रोज आलात! मला उताणं पडून राहावं लागायचं. सिस्टर ड्रेसिंगला आल्या की खूप दुखायचं. तेव्हा मी खेळात चिमीला नदीकाठी थांबवायचे आणि तुमचं कासव येऊन तिच्या पायाशी बसायचं. अजिबात हलायचं नाही. आपण एकतीस घाट पार केले."

अंकुशचा चेहरा उतरला. "मॅडम," तो हळूच म्हणाला, "मी एक दिवससुद्धा खेळलो नाही."

'घाटवाट' हा हातखेळावर, म्हणजे तळहातावर मावणाऱ्या छोट्या यंत्रावर, खेळायचा खेळ. चिमी नावाच्या मुलीला कडे, नद्या, मोडके पूल ओलांडून न्यायचं. तिच्यासोबत तीन जनावरं: खार उडी मारून दोर सोडते, घोरपड भिंतीला चिकटून पायरी होते, कासव पाण्यात दगडासारखं उभं राहतं. कुणाला कुठं ठेवायचं हे कोडं. मैथिली चिमी खेळे, जनावरं अंकुशकडं.

अडचण अंतराची. सध्या पृथ्वीवरून निघालेली खेळी, प्रकाशाच्या वेगानं, मंगळावर पोचायला एकवीस मिनिटं लागत. चिमी नदीत उडी मारणार आणि कासव बेचाळीस मिनिटांनी पुढं येणार, असा खेळ कोण खेळेल? म्हणून प्रत्येक यंत्रात समोरच्या माणसाचा एक 'अंदाजी' असतो. तो त्या माणसाच्या जुन्या खेळी शिकून, तो आता काय करील ते ओळखतो आणि त्याच्या जागी खेळतो. खऱ्या खेळी मागाहून येतात. अंदाज बरोबर असेल तर काहीच करावं लागत नाही. चुकला असेल तर खेळ तिथपर्यंत उसवला जातो आणि खऱ्या खेळीनुसार पुन्हा विणला जातो. संदेशाची वाट अरुंद, म्हणून बरोबर ठरलेलं पाठवतच नाहीत. पाठवतात तो फक्त फरक, आणि तो कळावा म्हणून स्वतःच्या अंदाजीची प्रत आपल्याही यंत्रात असते.

"का नाही खेळलात?" शाहीननी विचारलं. "एवढा आवडता खेळ."

"आवडता म्हणूनच. आमच्याकडं नवस बोलताना आवडीची वस्तू सोडतात. आईनं माझ्या तापात चहा सोडला होता. इथं चहा कसला, पावडरचं पाणी. मग मी हे सोडलं. पोरगी बरी झाल्याचं कळेपर्यंत हात लावणार नाही म्हटलं."

"आणि तिला रोज येईन म्हणून सांगितलंत."

"ते आधी सांगितलं होतं. हे नंतर सुचलं." तो ओशाळला. "दोन्ही एकाच पोरीसाठी, पण माझ्या डोक्यात काही एकत्र आलं नाही बघा."

यंत्रानं तेवढ्यात विचारलंच: चौदा दिवसांच्या तुमच्या खेळी पाठवायच्या? खेळी नव्हत्याच. रिकामं पान पोचलं की मैथिलीच्या हातातला खेळ उसवणार होता. एकतीस घाट नाहीसे होणार, आणि पहिल्या घाटावर तीन जनावरं चौदा दिवस ढिम्म उभी दिसणार. दुखत होतं तेव्हा आपण एकटेच होतो, हे तिला कळणार.

"खेळाचं घड्याळ दिवस मोजत नाही, खेळी मोजतं," शाहीन विचार करत म्हणाल्या. "तिच्या खेळी आता आल्यात. तुमचा अंदाजी काय खेळला तेही तुमच्या यंत्रात दिसतं, कारण दोन्हीकडं तोच आहे. तुम्ही आत्ता तसंच्या तसं खेळलात तर फरक शून्य."

"ही लबाडी झाली ना?"

"झाली. पाठवायचं काय ते तुम्ही ठरवा. मी फक्त वाट उघडी ठेवते."

नवस फिटला होता. अंकुशनं यंत्र हातात घेतलं.

अंदाजीची नक्कल सोपी नव्हती. घोरपड, खार जमली. कासवापाशी तो सारखा चुकू लागला. चिमी नदीकाठी बसली की कासव पाण्याबाहेर येई आणि थांबे. सहा मिनिटं, कधी नऊ. अंकुशचा अंगठा दुसऱ्याच मिनिटाला वळवळे.

"मी असा नाही, मॅडम. मला थांबवत नाही."

"कुठंतरी थांबला असाल. त्यानं दुसऱ्या कुणाकडून शिकायचं?"

दोन दिवस, कामातून सुटल्यावर, अंकुश स्वतःसारखं वागायला शिकत होता. शेवटी पडद्यावर आलं: फरक शून्य. त्यानं पाठवलं आणि त्या दिवशी जेवणात पहिल्यांदाच दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

तिसऱ्या दिवशी शाहीन शेडमध्ये आल्या. त्यांच्या हातात छापील कागद होता.

"संपर्कयंत्रणेनं आपणहून ठरवलंय. चौदा दिवसांत एकही फरक नाही, म्हणजे तुमचा अंदाज पूर्ण झाला. यापुढं तुमच्या खेळी पाठवायची गरज नाही."

"म्हणजे मी खेळलो तर?"

"खेळा की. फक्त तिथं पोचणार नाही. तिच्याकडं अंदाजी खेळेल."

"आणि नाही खेळलो तर?"

"तरी तुम्ही रोज भेटाल तिला."

बोअरची नळी खाली घरघरत होती. अंकुशनं ती बंद केली, हात पुसले आणि संपर्कखोलीत जाऊन लिहायला बसला. या वेळी धुळीसाठी दाराशी थांबलाही नाही. त्यानं सगळं लिहिलं: नवस, रिकामं पान, नक्कल. "कासव मी नव्हतो, बाळा. यंत्र होतं. मी इथं तुझ्या काळजीनं नुसता बसून होतो. रागव, पण मला परत खेळात घे. वाट उघडायला तुझ्याकडूनही होकार लागतो."

बेचाळीस मिनिटं तो खोलीत येरझाऱ्या घालत राहिला. शाहीननी एकदाही खाली बसा म्हटलं नाही. वर आणखी दहा मिनिटं गेली, तेव्हा उत्तर आलं.

"पप्पा, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही एवढं थांबतच नाही. शिवाय तुम्ही खारीला उगाचच उड्या मारायला लावता, ती एकदाही मारत नव्हती. मम्मीला पण सांगितलं नाही, तिला वाईट वाटलं असतं. मी रागावले नाही. ते कासव तुमच्याकडूनच शिकलंय ना, मग तुमचंच."

अंकुश मोठ्यानं हसला. चौदा आणि तीन, सतरा दिवसांचं ओझं उतरल्यासारखा हसला. डोळे भरले ते त्यानं पुसलेही नाहीत.

"वाचा, वाचा मॅडम! पोरगी आपल्या दोघांनाही विकून खाईल!"

"खाली अजून आहे," शाहीन म्हणाल्या.

खाली लिहिलं होतं: "होकार दिलाय. पण अजून दुखतं ना, म्हणून रोज त्यालाच येऊ दे. तुम्ही रविवारी या. रविवारी खूप उड्या मारू."

अंकुशनं ते दोनदा वाचलं. मग भिंतीवर उदगीरची वेळ दाखवणाऱ्या घड्याळाकडं पाहिलं. उदगीरला आज सोमवार होता.