मेणाचा गाल

"करवली म्हणून शकूच उभी राहील! ताईनं माझ्या मागे उभं राहायचं नाही… आणि ती राहणार असेल तर मी बोहल्यावरच चढत नाही, जा!"

विनताचा आवाज माजघर ओलांडून थेट स्वयंपाकघरात आला आणि शरयूच्या हातातलं लाटणं थांबलं. थोरली बहीण बिनलग्नाची घरात असताना धाकटीचं लग्न, म्हणजे अख्ख्या दीक्षितपुरा मोहल्ल्याला चघळायला आधीच विषय झाला होता. त्यात करवलीचा मान सख्ख्या बहिणीला सोडून मामेबहिणीला! पण शरयू रडली नाही. रडताना तिचं तोंड एका बाजूला ओढलं जाई आणि लहान पोरं भ्यायची, म्हणून तिनं रडणंच सोडून दिलं होतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. लढाईच्या धामधुमीत रंगूनहून पळून आलेला एक डॉक्टर गावात बिऱ्हाड करून राहिला होता. मेणासारखं औषध पातळ करून तो सुईनं गालात भरी. म्हणे खड्डे बुजतात, चेहरा नितळ होतो! विनताच्या चेहऱ्यावर देवीचे वण. तीन ठिकाणचा नकार पचवून पोरीनं आरसा उलटा करून ठेवला होता. डॉक्टरकडे औषधाची एकच कुपी उरली होती, पुढची कलकत्त्याहून कधी येईल याचा भरवसा नव्हता. ती विनतासाठी ठरली… आणि आदल्याच दिवशी शरयू गुपचूप जाऊन ती आपल्या गालात भरवून आली! तिच्या गालावर होता कांजिण्यांचा एक चिमुकला खड्डा, तोही मुद्दाम शोधावा तेव्हा सापडणारा. "श्रीरंगरावांशी माझं लग्न ठरलंय ना, मग आधी माझा नंबर," असं ती हसत हसत म्हणाली, आणि विनताचं मन तिच्यावरून जे उडालं ते कायमचंच.

महिनाभर गाल छान दिसला. मग तो लाल झाला, आत गाठी धरल्या, आणि मे महिन्याच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात मेण आतल्या आत ओघळून जबड्याशी साकळलं; डोळ्याची खालची पापणी ओढली गेली. "निकालेंगे तो आधा गाल साथ आएगा, बेटी," म्हणून सर्जननं हात टेकले. रंगूनवाला तोवर गाशा गुंडाळून पसार झाला होता. साखरपुड्याची साडी परत न्यायला श्रीरंगच्या घरून माणूस आला, तेव्हा शरयूनं ती स्वतः घडी घालून दिली. विनता तेव्हा एवढंच म्हणाली होती, "माझ्या तोंडचा घास पळवलास ना? भोग आता!"

आणि गंमत पाहा, विनताला पाहायला आलेल्या अच्युतला त्या वणांचं काही वाटलंच नाही! "माझ्या आईलाही आहेत," म्हणाला आणि हो म्हणून मोकळा झाला. कशासाठी केलं होतं मग हे सगळं…? हा प्रश्न शरयू स्वतःला विचारतच नसे.

"इतकं काय झालं बेटा? मोठी बहीण आहे ती," बाहेर त्यांचे वडील भय्यासाहेब म्हणत होते. खमरियाच्या कारखान्यात ते तोफगोळे तपासायचे. लढाईच्या डबल शिफ्टांत घरातल्या बायकांचं हे रामायण त्यांच्या कानी कधी धड पडलंच नव्हतं.

"काय झालं? माझा नंबर होता, बाबा! एकच कुपी होती. आदल्या दिवशी चोरून गेली ही!"

"आदल्या दिवशी…?" भय्यासाहेबांचा आवाज एकाएकी पडला. "अन् त्याच्या आधी ती मला जेवताना विचारून राहिली होती… बाबा, तुम्ही गोळ्यांचा लॉट पास कसा करता? मी म्हटलं, एक नग आधी उडवून बघतो, तो बरा निघाला तर बाकीचा लॉट पुढे. तर म्हणे, अन् त्या नगाचं काय होते? मी हसलो गं… अरे देवा, मी हसलो! म्हटलं, त्याचं काय व्हायचंय? तो गेला कामी!"

मग बांगड्यांचा आवाज झाला आणि हळदीच्या साडीतली विनता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"ताई… काहून नाही सांगितलं गं?"

"आधी सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं काय तू मला?" शरयू पोळीकडे पाहतच म्हणाली. "अन् मागून सांगून काय होते? जन्मभर माझं तोंड पाहून रडली असतीस. त्यापेक्षा राग बरा. रागात माणूस जेवते तरी."

"ताई!" विनतानं हंबरडा फोडला, धावत येऊन तिच्या गळ्यात पडली आणि त्या दगड झालेल्या, तांबड्या-निळ्या गालावर आपला गाल घासत ओक्साबोक्शी रडू लागली. दोन वर्षं! दोन वर्षं ज्या स्पर्शासाठी जीव तळमळला होता तो आज आपणहून आला होता… शरयूला आपला पदर भिजताना दिसत होता, बहिणीचे हुंदके ऐकू येत होते. मग तिनं पिठाच्या हातांनी विनताचं तोंड हलकेच दूर केलं.

"इकडून नको गं, विनू… या गालाला काही कळत नाही. त्या बाजूनं ये."