जड पाण्यातली साखर

कँटीनमधली कॉफी हल्ली सुखदाला अगोड लागायची. तिने तक्रार केली, तेव्हा काउंटरवरच्या कस्तुराबाई "सक्करे हाकिद्दीनि, मॅडम," म्हणत साखर घातल्याचं सांगितलं आणि साखरेचा डबाच पुढे सरकवला. सुखदाने आणखी एक चमचा घातला, ढवळलं, घोट घेतला. फरक शून्य. साखरेतही भेसळ करतात मेले, असं मनाशी ठरवून तिने अर्धी कॉफी तशीच टाकली. संशय घेण्यात तिचा हात धरणारं त्या संस्थेत कोणी नव्हतं.

गंमत म्हणजे, पुण्याहून ती बंगळुरूला आली होती तीच मुळी साखरेवर पीएचडी करायला. विरघळलेल्या साखरेचे रेणू हायड्रोजन बंधांनी पाण्याला आणि एकमेकांना कसे धरून राहतात, हे ती एनएमआर यंत्राच्या मोठ्या चुंबकात नमुन्यांच्या नळ्या सोडून तपासत होती. साखर जड पाण्यात विरघळवली, की तिच्या ओएच गटांमधले हायड्रोजन निसटतात आणि त्यांच्या जागी पाण्यातलं ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, येतं. ते या मोजणीत दिसत नाही. म्हणजे ओएचची शिखरं आलेखावरून पुसली जायलाच हवीत.

सुखदाच्या आलेखावर एक शिखर उरलं होतं.

तिने जड पाण्याची नवी बाटली फोडली, नळ्या पुन्हा वाळवल्या. शिखर हललं नाही, उलट आणखी टोकदार झालं. गाइड सत्यवती मॅडमनी चष्मा काढून ठेवला.

"एक तर तू नमुना बिघडवतेयस, नाहीतर आलेख. शुक्रवारपर्यंत स्वच्छ आलेख नाही दिसला, तर मी थिसिसवर सही करणार नाही."

इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात! सुखदाला रडू कोसळलं. रडून झाल्यावर तिने गुन्हेगार शोधला. यंत्र चालवणारा नागराज, निपाणीचा. नळी त्याच्या हवाली करून विद्यार्थ्यांनी निघून जायचं, ही तिथली रीत. सुखदा मात्र पहिल्यापासून राखणीला आत बसायची. तरी पाठमोरा होऊन तो नळी बदलत नसेल कशावरून? हल्ली तो तिच्याकडे टक लावून बघायचा आणि तिने पाहिलं की नजर वळवायचा.

तिने नळीचं तोंड आचेवर वितळवून बंद केलं, काचेवर खूण कोरली आणि नळी स्वतःच्या हाताने चुंबकात सोडली. शिखर आलं. मग नळी काढून तिने यंत्र रिकामंच चालवलं.

शिखर आलं.

कोपऱ्यात पंपाची टकटक चालू होती. नागराज हलक्या आवाजात म्हणाला, "सुखदाक्का, स्वल्प बाहेर थांबता काय?"

"का? मी गेल्यावर काय करणार आहात?"

"कायबी नाही. काचंतनं बघा की."

ती काचेच्या दाराबाहेर उभी राहिली. तिची खूण असलेली तीच नळी त्याने आत सोडली. पडद्यावर आलेख उमटला. ओएचच्या जागी सपाट रेघ होती.

तिने दार ढकलून पाऊल आत टाकलं.

पुढच्या फेरीला शिखर उगवलं. ती मागे सरली. ते मावळलं. शिखर नळीतल्या साखरेचं नव्हतं, तिचं होतं.

"मी कवाचं बघतोय," नागराज जमिनीकडे बघत म्हणाला. "मला वाटलं, तुम्हीच काहीतरी लपवून आत आणताय."

तो सपाट आलेख पाहून मॅडमनी सही केली. थिसिस बचावला. सुखदाचा जीव भांड्यात पडला. काय झालं, कसं झालं, याचा विचार करायचाच नाही, असं ठरवून ती नागराजला घेऊन कँटीनमध्ये गेली. संशय घेतल्याची लाज वाटत होती, कॉफी तरी पाजावी.

कस्तुराबाईंनी एकाच भांड्यातली साखर घातलेली कॉफी दोन पेल्यांत ओतली. नागराजने घोट घेतला. "जरा जास्तच गोड झालीया."

सुखदाची अगोड होती. तिने वरून दोन चमचे साखर घातली, खूप वेळ ढवळलं आणि या खेपेला कॉफी तळापर्यंत प्यायली. तळाशी सगळी साखर होती. दाण्यांच्या कडासुद्धा झिजल्या नव्हत्या.

तिने डब्यातून चिमूटभर साखर घेऊन जिभेवर ठेवली आणि तोंड मिटलं. नागराज टक लावून बघत होता. या वेळी त्याने नजर वळवली नाही.

बऱ्याच वेळाने तिने दाणे तळहातावर काढले.

ते कोरडे होते.