बंद दाराआडचा पुकारा

चौकशी समितीची खोली प्रशस्त होती, पण तिथला पंखा कुरकुरायचा आणि चहा नेहमी गार यायचा. समितीत तिघं जण होते. अध्यक्ष, सरकारी वकिली करून आलेल्या वकीलबाई आणि तिसरे सदस्य, ज्यांना अख्खी कचेरी पाठीमागे होयबा म्हणायची. अध्यक्षांनी "उकडतंय" म्हटलं की होयबा घाम पुसायचे, "गारवा आहे" म्हटलं की कोटाची बटणं लावायचे.

आज एका न्यायाधीशाला बडतर्फ करायचं होतं. कागदोपत्री ठपका होता पदाला न शोभणाऱ्या वर्तनाचा. खरं कारण शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यांनी मंत्र्याच्या जावयाला जामीन नाकारला होता. आता नोकरी जाणार, निवृत्तिवेतन जाणार, आणि जन्मभर जपलेलं नाव मातीत जाणार. मात्र एक नियम आडवा येत होता. आधी माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायचं, आणि तीनदा पुकारा करूनही तो आला नाही, तरच गैरहजर लिहून निकाल द्यायचा.

न्यायाधीश आले होते. बाहेर बाकावर बसले होते. वकीलबाई आल्या तेव्हा त्यांनी उठून नमस्कारही केला होता. जाड दारातूनही त्यांचा कोरडा खोकला ऐकू येत होता.

"पुकारा इथेच कर," अध्यक्ष शिपायाला म्हणाले. "दार लावून घे. आणि बेताने, उगाच बोंब नको."

शिपाई घुटमळला. "आत, साहेब? पण ते तर बाहेर बसलेत."

"पुकारा कुठे उभं राहून करायचा, हे नियमात कुठे लिहिलंय?"

"बरोबर आहे," होयबा म्हणाले.

वकीलबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं की हा शुद्ध अन्याय आहे, दार उघडा. पण त्यांच्या स्वतःच्या नेमणुकीची फाईल अध्यक्षांच्या सहीसाठी अडून होती. त्यांना लाज वाटली, मनापासून वाटली. पण लाजेपेक्षा फाईल जड निघाली आणि त्यांनी तोंडाला कुलूप लावलं.

शिपायाने दार लावलं आणि भिंतीकडे तोंड करून पुटपुटल्यासारखा पहिला पुकारा केला.

बाहेरचा खोकला थांबला.

दुसरा पुकारा झाला. टेबलापलीकडे, ज्याचं म्हणणं ऐकायचं त्याच्यासाठी मांडलेली खुर्ची फरशीवर किंचित सरकली. कुणी बसताना पुढे ओढून घ्यावी तशी. शिपाई दोन पावलं मागे आला. वकीलबाईंना वाटलं, पंख्याच्या वाऱ्याने असेल. पण वाऱ्याने कधी सागवानी खुर्ची हलते होय?

"उरकून टाक," अध्यक्ष म्हणाले.

शिपायाने तिसरा पुकारा केला.

"हजर आहे."

आवाज जरा बसलेला होता, पण स्वच्छ होता. तो टेबलापलीकडूनच आला होता.

कुणीही कुणाकडे पाहिलं नाही. पंखा कुरकुरत राहिला. त्या खुर्चीपुढे ठेवलेल्या ग्लासातलं पाणी सावकाश खाली जात होतं.

"गैरहजर," अध्यक्ष म्हणाले. "बरोबर ना?"

होयबा काही बोलले नाहीत. जन्मात पहिल्यांदाच.

मग अध्यक्षांनी वकीलबाईंकडे पाहिलं. वकीलबाईंनी मान खाली घातली आणि सही केली.

त्यांना तिथे क्षणभरही थांबवेना. त्या दार उघडून बाहेर आल्या. बाकाजवळ न्यायाधीश उभे होते. रुमालाने ओठ टिपत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "अध्यक्षांना माझे आभार सांगा. इतकं शांतपणे ऐकून घेतील असं वाटलं नव्हतं. मध्ये एकदाही तोडलं नाही मला."

"कधी?"

"आत्ताच की. सगळं मन मोकळं करून आलो. आता निकाल काय लागेल तो लागो." ते थोडे थांबले. "तुमच्यासाठीही पुकारा झाला होता. तीनदा. मी म्हटलं, साहेब, एकदा दार उघडून बघा, बिचाऱ्या बाहेरच बसल्या असतील. पण कुणी उठलंच नाही."

"मी आतच होते!" वकीलबाईंचा आवाज चिरकला. "पहिल्यापासून आत होते मी!"

न्यायाधीशांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता.

"असाल," ते हळूच म्हणाले. "आवाज नाही ऐकू आला तुमचा."

ते जिना उतरून गेले.

वकीलबाईंनी वळून उघड्या दारातून आत पाहिलं. खिडकीतून दुपारचं ऊन थेट त्यांच्या स्वतःच्या, समितीच्या बाजूच्या खुर्चीवर पडलं होतं. बसायच्या जागेवर धुळीचा पातळ थर होता, आणि तो कुठेही मोडलेला नव्हता.