शिरवंडगडावरचे दिव्य

श्रावणातल्या त्या पहाटे शिरवंडगड धुक्यात असा बुडाला होता की पहारेकऱ्याला आपल्याच भाल्याचे पाते दिसत नव्हते. मात्र खाली मोगलांच्या छावणीत घोडे खिंकाळत होते, ते वर स्वच्छ ऐकू येत होते. चैत्रात पडलेला वेढा अजून उठला नव्हता. कोठारात नाचणी होती, टाक्यांत पाणी होते, पण खाली उतरायची एकही वाट मोकळी राहिली नव्हती. आणि तीच माणसे त्याच भिंतींत इतके दिवस कोंडली गेली, की ती शत्रूपेक्षा एकमेकांकडेच अधिक निरखून पाहू लागतात.

आदल्या दिवशी मोगलांनी दक्षिण बुरुजाखाली मोर्चा पुढे आणला, तेव्हा गडाची मोठी तोफ पेटलीच नव्हती. दारू ओली झाली होती. दारूकोठाराचे छप्पर गळते, हे गोलंदाज दाऊदने पाऊस लागताच किल्लेदारांच्या कानावर घातले होते. पण किल्लेदार हैबतराव दळवी यांचे कान त्या दिवसांत केरोबा देवऋषीकडे लागलेले असत. हैबतराव तलवारीला कधी भ्याले नाहीत. वेढ्याने मात्र त्यांची झोप नेली होती, आणि केरोबा कवड्या टाकून त्यांना उद्याचे सांगे, अंगाऱ्याच्या रेघांत शत्रूचे मरण दाखवी. त्याच केरोबाने दारूकोठारातून सुया टोचलेली काळी बाहुली काढून आणली.

"यवनच खाली, यवनच वर," तो म्हणाला. "खालच्यांसाठी वरच्याने करणी केली. या गोलंदाजाचे दिव्य घ्या, सरकार."

आणि म्हणून देवीच्या देवळापुढे कढईत तेल उकळत होते. तळाशी धातूचा एक तुकडा टाकलेला. तो नुसत्या हाताने काढायचा. हात भाजला नाही तर माणूस खरा, भाजला तर कडेलोट.

दाऊदने मुजरा केला. त्याच्या आज्यापासून त्या घराने गडाच्या तोफा सांभाळल्या होत्या. "सरकार, हुकूम शिरावर. पण न भाजणारा हात अल्लाने कुणाला दिला आहे? माझ्यामागे तोफेला बत्ती कोण देणार, तेवढे आधी ठरवून ठेवा."

"जीभ फार चालते रे तुझी!" केरोबा खेकसला.

"दारू कोरडी असती तर तोफच बोलली असती, बुवा. मला बोलावे लागले नसते."

कोणीतरी फिस्सकन हसले आणि लगेच गप्प झाले. गर्दी दुभंगली होती. किल्लेदारांच्या आई सगुणाबाई पुढे येत होत्या. त्यांचे यजमान याच गडाच्या तटावर पडले होते. त्यांच्यापुढे मान वर करील असा माणूस गडावर नव्हता.

"आईसाहेब, ही न्यायाची जागा आहे," हैबतराव म्हणाले. "आपण आत जावे."

"न्याय होत असेल तर मलाही साक्ष द्यायची आहे. केरोबा, खरे बोलणाऱ्याचा हात भाजत नाही ना?"

"देवीची आण, भाजत नाही."

"कुणाचाच?"

"कुणाचाच नाही, आईसाहेब."

सगुणाबाईंनी पदर खोचला. "तर सगळ्यांनी ऐका. हे हैबतराव माझ्या पोटचे आणि दळव्यांच्या रक्ताचे आहेत. यात खोटे असेल तर माझा हात भाजो."

आणि कुणाला काही उमगायच्या आत त्यांनी उजवा हात मनगटापर्यंत तेलात घातला, तुकडा काढला आणि फरसावर भिरकावला. ओठ दातांखाली फुटला, पण तोंडातून हूं निघाले नाही. हाताची कातडी सोलून लोंबत होती.

"आता सांग, केरोबा. गडाची किल्लेदारी दळव्यांच्या वंशाची. मग हे कुणाचे?"

केरोबा एकेक पाऊल मागे सरू लागला. दिव्य खरे म्हणावे तर समोर उभा असलेला धनी परक्याचा ठरत होता. खोटे म्हणावे तर बाहुली, कवड्या, अंगारा सारेच खोटे ठरत होते. हैबतरावांनी एकवार आईच्या हाताकडे पाहिले आणि लाथेने कढई उलथून दिली.

"दाऊदला सोडा! या भोंदूला कोठडीत घाला!"

दाऊद धावत जाऊन कोरफड घेऊन आला. तोफेने पोळलेल्या हातांवर तो हेच औषध करी. त्याने स्वतः आईसाहेबांच्या हातावर गर लावला, आणि शिवाशिवीचा शब्द त्या दिवशी कुणी काढला नाही.

धुके विरले. बायकांनी दारू घोंगड्यांवर पसरून उन्हात वाळवली. मोठी तोफ पेटली, मोर्चा उधळला, आणि दसऱ्याच्या आत मोगलांनी वेढा उठवला.

सगुणाबाईंची बोटे मात्र एकमेकांना चिकटून गेली, ती पुन्हा उलगडली नाहीत. पाणी भरताना बायका कुजबुजत, "हात उगाच भाजतो व्हय? काहीतरी असंलच की." ते कुजबुजणे हिंडत हिंडत एक दिवस किल्लेदारांच्या कानी गेले.

कार्तिकातल्या एका दुपारी हैबतराव एकटेच भिवरा सुईणीच्या खोपटाशी आले.

"भिवरा, माझ्या जन्माच्या वेळी तू होतीस?"

"व्हय की! नाळ म्याच तोडली तुमची. आईसाहेबांनी इचारलं, नाक कुनावर गेलंय गं? म्हनलं, थोरल्या सरकारांवर, दुसऱ्या कुनावर?"

"खरे सांगतेस?"

"देवाशप्पथ खरं, सरकार."

हैबतराव उंबऱ्यातच बसून राहिले. आत चुलीवर कालवण रटरटत होते. त्यांनी म्हातारीच्या सुरकुतलेल्या हातांकडे बराच वेळ पाहिले, आणि मग हलकेच विचारले, "दिव्य करशील?"