रुमाल टाकलेलं स्टूल

मी आयुष्यभर मेसमध्ये जेवण रांधलं. भाजीत मीठ जास्त पडलं, तर "तुमच्याच तोंडाला चव नाही" असं बिनदिक्कत खोटं बोललोय. पण आता जे सांगतोय त्यात चिमूटभरही खोटं नाही.

ज्याला पटणार नाही त्याने इथेच थांबावं. वाद घालायची मला हौस नाही.

फेब्रुवारी १९९१. आखाती युद्ध ऐन भरात होतं. रियाधच्या बाहेर, खर्जच्या रस्त्यावर आमच्या कंपनीचा कॅम्प होता. मी हाशम, तिथल्या मेसचा स्वयंपाकी, मूळचा दापोलीकडचा.

माझा मेव्हणा नदीम माझ्याबरोबर होता. माझी बायको उमामा, तिचा धाकटा भाऊ. बावीस वर्षांचा, एसी दुरुस्तीच्या कामाला. निघताना सासूने, शरफुन्निसाने, माझा हात धरला होता.

"हाशम, मला सोनंनाणं काही नको. जसा नेतोस तसा परत आणून दे."

"आणतो अम्मी. जबान दिली."

बाकी काही विसरलात तरी ही जबान लक्षात ठेवा.

आता त्या घाणीबद्दल सांगतो.

मेसच्या मागे रिक्रिएशन रूम होती. तिथे कॅरम, टीव्ही, आणि प्लायवूडच्या आडोशामागे व्हिडिओ पोकरच्या तीन मशिनी. सौदीत जुगार! बाहेर कळलं असतं तर आमची सालटी निघाली असती. कॅम्पबॉस उस्मानने त्या कुठल्याशा भंगारातल्या जहाजावरून 'पोरांचे गेम' म्हणून आणवल्या होत्या.

टोकन टाकायचं. पडद्यावर पाच पत्ते येतात. हवे ते ठेवायचे, नको ते बदलायचे. जुळले तर टोकनं परत मिळतात. त्या टोकनांवर उस्मानच्या काउंटरला सिगारेट मिळे, घरी फोन करायला मिळे. काचेवर तक्ता छापलेला होता. फुल हाऊस लागलं, म्हणजे तीन पत्ते एकासारखे आणि वर एक जोडी, की एका टोकनाला नऊ.

मला त्या खोलीची पहिल्यापासून किळस होती. चहाच्या कपात विझवलेल्या सिगारेटी, घामट बनियनचा वास, आणि त्या बटणांवरचा मळ... शी! माझ्या मेसमध्ये कोणी असल्या हातांनी रोटीला हात लावला असता तर मी पळ्याने बोटं फोडली असती.

युद्ध लागलं आणि शुक्रवारचं रियाधच्या बत्हा बाजारात जाणं बंद झालं. नाहीतर तिथे माणसं भेटायची, गावाकडची खबर मिळायची. आता सगळे कॅम्पमध्ये कोंडलेले. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे आम्हाला कामावर आणणाऱ्या अरबी मालकाकडे, आणि डोक्यावर स्कड क्षेपणास्त्रं. जाणार कुठे?

उस्मानने हे बरोबर हेरलं.

फुल हाऊसचे नऊ होते, त्याचे आठ केले. मशीनच्या पोटात काहीतरी बदललं आणि काचेवरच्या आकड्यावर चिकटपट्टी लावून पेनाने आठ लिहिलं. मग सहा. एक मशीन बिघडली, ती दुरुस्त केलीच नाही. दुसरी दुसऱ्या कॅम्पला विकली. उरली एक, तिचंही बटण चिकट, दोनदा दाबल्याशिवाय दबत नसे.

माणसं भीतीने अर्धी झाली होती आणि हा त्यांचे खिसे चाचपत होता. थू त्याच्या जिनगानीवर!

मशीन एक आणि खेळणारे ढीगभर. मग काय, आपली जुनी खोड. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना आपण? तसाच स्टुलावर रुमाल टाकायचा आणि मग लघवीला जायचं. मल्याळी, पंजाबी, सगळे आमच्याकडून शिकले. ज्याचा रुमाल त्याचं स्टूल, हा कॅम्पचा कायदाच झाला.

सगळ्यात जास्त रुमाल पडायचा जगदीशचा. सिन्नरचा वेल्डर. तपकिरी चौकडीचा रुमाल, पिवळी किनार. माणूस दिलदार, पण त्या मशीनपुढे बसला की वाया गेलेला.

"ही आता खेळायच्या लायकीची राहिली नाही," असं म्हणायचा आणि पुढचं टोकन टाकायचा.

"मग ऊठ की मेल्या!"

"हाशमभाई, तुमच्या चहात पाणी कमी आणि उपदेश जास्त," म्हणून हसायचा. अख्ख्या कॅम्पात मला हाशमभाई तो एकटाच म्हणे. बाकीच्यांचा मी उस्ताद आणि नदीमचा दुल्हाभाई.

एका शुक्रवारी दिवेलागणीला मगरीबची अजान झाली आणि पाठोपाठ भोंगा वाजला.

भोंगा झाला की मेन स्विच पाडायचा, विषारी वायूचा मास्क चढवायचा आणि मेसमध्ये जमायचं, हा नियम. मेसच्या खिडक्यांना आम्ही प्लास्टिक आणि टेप लावून फटी बुजवल्या होत्या. सगळे पळाले. जगदीशने पळता पळता स्टुलावर रुमाल टाकला. मी मागेच होतो, माझ्या कानांनी ऐकलं.

"कोणी बसू नका रे! मी आलोच!"

अंधारात आम्ही भिंतीला टेकून बसलो. सगळ्यांच्या तोंडाला ते रबरी थोबाड. कोण कोण आहे, कळायची सोय नाही.

संकट टळल्याचा भोंगा झाला. दिवे आले. सगळे उठले.

जगदीश उठला नाही.

मीच त्याचा मास्क ओढला. मास्कच्या पुढे हवा गाळणारा डबा असतो. त्याचं टोपण त्याने घाईत काढलंच नव्हतं. बाहेरचा वारासुद्धा आत गेला नव्हता. ओठ निळे, हनुवटीवर फेस... आम्ही त्याच्या शेजारी बसलो होतो आणि कुणाला काही कळलं नाही.

उस्मान आला. वाकून बघितलं आणि काय विचारलं असेल?

"याच्या खिशात टोकनं आहेत का?"



नंतर त्याने स्टुलावरचा रुमाल दोन बोटांनी उचलून कचऱ्यात टाकला आणि म्हणाला, "खलास. यल्ला, पुढचा कोण?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रुमाल स्टुलावर होता.

तपकिरी चौकडी, पिवळी किनार... आणि ओला.

पोरांनी एकमेकांना शिव्या घातल्या. मला वाटलं, कुणाचा तरी हलकट चावटपणा. मी तो उचलला. कोमट होता. रबराचा आणि शिळ्या थुंकीचा वास येत होता. तसाच नेऊन मेसच्या शेगडीत घातला आणि राख होईपर्यंत उभा राहिलो.

त्याच्या पुढच्या संध्याकाळी...

स्टुलावर रुमाल. ओला.

मग कोणी बसेना. तशीही मशीन काही देत नव्हतीच. खोली ओस पडली. मी सुटकेचा श्वास टाकला. म्हटलं, चला, घाण गेली.

पण मेसच्या भिंतीपलीकडून आवाज यायला लागला.

टक... टक टक...

चिकट बटण दोनदा दाबल्याचा.

आणि मध्येच दुसरा आवाज. बंद भोकातून कोणी जीव खाऊन हवा ओढावी तसा. सूंऽऽ... आणि मग काही नाही. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा... सूंऽऽ...

मी जाऊन बघितलं. खोलीत चिटपाखरू नव्हतं.

त्याच आठवड्यात नदीम जेवताना खिसा वाजवत हसला. खिसा टोकनांनी फुगला होता.

"दुल्हाभाई, मशीन परत नऊ देते!"

मी पळी खाली ठेवली. "तू त्या स्टुलावर बसलास?"

"रुमाल नाही उचलला. कडेला बसतो. जागा होते दोघांना."

"दोघांना?"

तो ताटात बघत राहिला.

मी त्याची कानउघाडणी केली, खोलीला कुलूप लावायला उस्मानच्या मागे लागलो. उस्मान म्हणाला, "एक तरी गिऱ्हाईक आहे, ते पण घालवू?" असला नीच माणूस!

मग मीच जाऊन पाहिलं. नदीम स्टुलावर अर्धा बसला होता. एसटीच्या बाकड्यावर तिसरा माणूस बसतो तसा, अर्धं ढुंगण बाहेर. अर्ध्या स्टुलावर रुमाल. काचेवरची चिकटपट्टी भिजून गळून पडली होती. खालचा जुना नऊ दिसत होता.

मी त्याचं बखोट धरून बाहेर काढला. आईची शपथ घातली. "जाणार नाही" म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा मगरीबच्या सुमाराला भोंगा झाला. मेन स्विच पडला. मेसमध्ये मी बॅटरी घेऊन एकेक मास्क उचलून बघितला.

नदीम नव्हता.

हातात झारा होता, तोच घेऊन मी मागे धावलो. वर आकाशात धडाधड आवाज होत होते. डोक्यात एकच गोष्ट, अम्मीला तोंड काय दाखवू?

सगळा कॅम्प अंधारात...

आणि मशीन चालू होती.

तिच्या उजेडात नदीम बसलेला. तोंडाला मास्क. पुढच्या डब्यावर टोपण तसंच. बोटं बटणावर. टक... टक टक... आणि श्वास ओढल्याचा आवाज.

दोन आवाज होते. एक त्याचा. दुसरा त्याच्या शेजारून, रिकाम्या जागेतून.

स्टुलावर रुमाल नव्हता.

मी मास्क ओढला. निघेना. मागून पट्टे कोणीतरी घट्ट धरून ठेवले होते. खुदा कसम, मला त्या पट्ट्यांवर बोटं लागली. थंड आणि चिकट. मी ओरडलो, शिव्या दिल्या, सगळा जोर लावला, तेव्हा कुठे मास्क सुटला.

नदीमचे ओठ निळे पडले होते.

तोंडात रुमाल कोंबलेला होता... तो ओला, लिबलिबीत बोळा मी ओढून काढला. माझ्या हातावर लाळ ओघळली. 

तो भडाभडा ओकला. श्वास घेतला. मी त्याला छातीशी धरून रडलो. मग तोच झारा काचेवर घातला. काच फुटली, उजेड गेला.

अंधारात नदीम घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मला का उठवलंत? जगदीशभाऊंनी जागा धरायला सांगितली होती. म्हणाले, मी आलोच."

युद्ध संपलं. पासपोर्ट मिळवायला मी कफीलचे पाय धरले आणि नदीमला घेऊन गावी आलो. शरफुन्निसाने त्याला कवटाळलं, मला शंभर दुवा दिल्या. मी जबान पाळली होती.

मला तसंच वाटत होतं.

नदीम पुन्हा कधी जुगाराच्या वाटेला गेला नाही. लग्न झालं, दुकान टाकलं. फक्त एक गोष्ट राहिली. तो कुठेही बसला की कडेला बसायचा. बाकड्यावर, सोफ्यावर, दस्तरखानावर. अर्धी जागा सोडून.

उमामा ओरडायची, "नीट बस की रे, कोण येणार आहे?"

तो नुसता हसायचा.

मी एकदा त्या सोडलेल्या जागेवर हात ठेवून पाहिला. परत कधी ठेवला नाही.

गेल्या ईदला आम्ही सगळे सासूच्या घरी जमलो. ती आता नव्वदीला टेकली आहे. डोळे गेलेत, कान मात्र तिखट. मी शिरखुर्मा ढवळत होतो. नदीम आला, सलाम केला आणि तिच्या समोरच्या सोफ्यावर बसला.

मधोमध. ऐसपैस. पाय पसरून.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी चहा नेऊन दिला. त्याने एक घोट घेतला, वर बघितलं आणि हसला.

"हाशमभाई, चहात पाणी कमी आणि उपदेश जास्त."

माझ्या हातातला ट्रे खाली पडला. बाकीच्या कपांच्या काचा झाल्या. उमामा आतून धावत आली.

अम्मीने मान तिरकी करून सोफ्याच्या दिशेने कान लावला. बराच वेळ ऐकत राहिली. मग माझा हात चाचपडत शोधला. निघताना धरला होता तसाच धरला.

"हाशम, हे कोण आलंय रे? आणि माझा नदीम कुठे राहिला?"

तो तिच्यापासून हातभर अंतरावर बसून चहा पीत होता.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "येतोय, अम्मी. आलोच म्हणालाय."

ती अजून रोज विचारते.