एकशे वीसची गाडी

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर घडलंय, आणि त्या दिवसाचे आकडे अजून माझ्या कॉम्प्युटरमध्ये पडून आहेत. ज्याला खोटं वाटेल त्याने येऊन बघावं. वाद घालायची ताकद आता माझ्यात राहिलेली नाही.

यंदाचीच गोष्ट, थंडी संपता संपता. रविवार, सकाळचे साडेअकरा. लख्ख ऊन होतं. रात्र नव्हती, अंधार नव्हता, काही नव्हतं.

आमचं वर्कशॉप म्हणजे कारखान्यांच्या रांगेतलं शेवटचं शेड. मी आणि दादा, दोघंच. आमच्याकडे डायनो आहे. म्हणजे जमिनीत बसवलेले दोन जाडजूड लोखंडी रोलर. गाडीची मागची चाकं त्यावर चढवायची, गाडी चारी बाजूंनी पट्ट्यांनी आवळून बांधायची आणि अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला दाबायचा. चाकं वेड्यासारखी फिरतात, गाडी जागची हलत नाही. इंजिनात किती हॉर्सपॉवर आहे ते स्क्रीनवर कळतं.

गाडीत बसायचं काम दादाचं. काचेच्या केबिनमध्ये कॉम्प्युटरवर बसायचं काम माझं. मी भित्रा आहे, त्यात लपवण्यासारखं काय?

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. आईवडील गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. त्याने नववीत शाळा सोडली आणि मला वाढवलं. माझ्या दप्तरापासून माझ्या लग्नापर्यंत सगळं त्यानेच केलं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मी का रडतोय ते कळेल.

तर त्या रविवारी जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे मालक जमले होते. वर्षातून एकदा जमतात. कुणी डेंटिस्ट, कुणी वकील. गाड्या साठ-साठ वर्षांच्या, आणि मालक लहान मुलांसारखे भांडणार, तुझी किती, माझी किती. प्रत्येक गाडीचे तीन रन, म्हणजे तीनदा मोजणी. आणि एक रीत ठरलेली... रन चालू असताना मालकाने दादाच्या शेजारच्या सीटवर बसायचं. नंतर 'माझं इंजिन तुम्ही ताणलंत' ही कटकट नको म्हणून दादानेच ती पाडली होती.

सहा गाड्या झाल्या. सातवी आली ती सरांची.

सर म्हणजे फिजिक्सचे रिटायर्ड शिक्षक. हिरवी टू-सीटर. भंगारातून उचललेली, अकरा वर्षं एकट्याने जोडलेली. "एकशे वीस निघतील. एक कमी नाही," हे सर दर वर्षी सांगायचे. गाडी मात्र कधी आणली नाही, कारण ती कधी पूर्णच झाली नाही. शेवटी झाली, आणि पंधरा दिवसांत सर गेले. झोपेतच.

गाडी काकू घेऊन आल्या होत्या. सरांच्या बायको. ट्रेलरवर घालून.

"एकदा मोजून द्या रे," त्या दादाला म्हणाल्या. "अकरा वर्षं हा एकच विषय ऐकलाय मी जेवताना."

सगळे हसले. दादाने गाडी चढवली, पट्टे आवळले आणि आत बसला. शेजारची सीट रिकामी. डेंटिस्ट म्हणाला, "मालकाशिवाय रन? रीत मोडली की राव तुमची."

दादाचा स्वभाव मस्करीचा. त्याने त्या रिकाम्या सीटवर थाप मारली.

"छे, रीत कशी मोडेल? या सर, बसा."

आणि...

गाडीची डावी बाजू खाली बसली.

मी केबिनमधून त्याच बाजूला बघत होतो. चाक आणि मडगार्डमधली फट चांगली दोन बोटांनी कमी झाली. सीटची स्प्रिंग कुरकुरली. केबिनचं दार अजून उघडं होतं, तेही ऐकलं मी.

पट्टा ढिला पडला असेल, असं मी मनाला सांगितलं. मन अशा वेळी काहीही ऐकून घेतं.

पहिला रन झाला. एकशे अकरा पूर्णांक चार.

बाहेर सगळे "वा वा" करायला लागले. साठ वर्षांच्या इंजिनाला एकशे अकरा म्हणजे गंमत नाही. काकूंनी पदराने डोळे टिपले.

दुसरा रन. एकशे अकरा पूर्णांक चार.

इथे मी जरा सावरून बसलो. एकाच गाडीचे दोन रन कधीच सारखे येत नाहीत. पॉइंट एक-दोनचा तरी फरक पडतोच.

तिसरा...

एकशे अकरा पूर्णांक चार.

मी काचेतून दादाला अंगठा दाखवला. झालं, बंद कर. त्यानेही मान हलवली, गिअर काढायला हात पुढे नेला.

आणि इंजिन पुन्हा किंचाळलं.

चौथा रन. कुणी सांगितला नव्हता.

मी माइकवर ओरडलो, "दादा, बास! तीन झाले!"

त्याने माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या दादाला घाबरलेलं बघितलं. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, पण ओठ कळत होते.

"पाय उचललाय मी!"

पाचवा. सहावा.

मी लाल बटण दाबलं. त्याने रोलरला ब्रेक लागतो. लागला नाही. पुन्हा दाबलं. दोन्ही हातांनी दाबलं. काही नाही.

तुम्ही म्हणाल, धावत जाऊन त्याला ओढायचं ना बाहेर. अहो, चाकं त्या वेगाने फिरत असताना गाडीजवळ कुणी जायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. पट्टा तुटला तर माणूस मधोमध कापला जातो. आणि पट्टा सोडावा तर गाडी सुटून थेट समोरच्या भिंतीत. ज्या पट्ट्यांनी त्याला धरून ठेवलं होतं त्यांनीच अडकवलं होतं. मी काचेला हात लावून नुसता उभा राहिलो.  डेंटिस्ट, वकील, सगळे पुतळ्यासारखे उभे.

बॉनेटमधून धूर निघायला लागला.

तेवढ्यात काकू चालत पुढे गेल्या. हातात पर्स, खांद्यावर शाल. मी ओरडतोय, "काकू, मागे व्हा!" त्या थेट गाडीच्या डाव्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. रिकाम्या सीटकडे बघून, घरात बोलावं तसं बोलल्या. मला काचेमागून फक्त हातवारे दिसले. शब्द नंतर दादाने सांगितले.

"अहो, पुरे झालं. लोकांचा जीव जाईल. उतरा आता."

इंजिन बंद झालं.

शेड एकदम शांत झालं... आणि त्या शांततेत गाडीची डावी बाजू हळूहळू वर आली.

दादा बाहेर आला. गटागटा पाणी प्यायला आणि हसला. म्हणाला, "पेडलखाली मॅट अडकली असणार." सगळ्यांना तेच हवं होतं. हो हो, मॅटच असणार, जुन्या गाड्यांचं असंच असतं. अर्ध्या तासात शेड रिकामं झालं.

काकू निघताना दादा त्यांना म्हणाला, "काकू, गाडी राहू द्या इथे. नऊच कमी पडतायत. काढतो मी."

मला आवडलं नाही. पण मी काय बोलणार? दादासमोर मी कधी बोललोय?

"ठेव बाबा," काकू म्हणाल्या. "मला ती घरात नकोच."

त्या दिवसापासून दादा आमचा राहिला नाही.

दुसऱ्यांच्या गाड्या तशाच पडून राहायला लागल्या. गिऱ्हाईकं फोन करून शिव्या घालायची, मी ऐकून घ्यायचो. दादा सकाळी शेडमध्ये जायचा तो सरांच्या गाडीखाली शिरायचा. डबा तसाच परत यायचा. वहिनी मला विचारायची, "भाऊजी, ह्यांना झालंय तरी काय?" मी म्हणायचो, कामाचा ताण आहे. खोटं बोलताना तिच्या डोळ्यांकडे बघवायचं नाही.

मग एके दिवशी शेडच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं दिसलं.

गणितं होती. ओळीखाली ओळ. हवेचा दाब, पेट्रोलचं प्रमाण, कंसात कंस.

अक्षर दादाचं नव्हतं. बोटांना खडू मात्र दादाच्याच होता.

"हे काय रे दादा?"

"सरांनी समजावून सांगितलं," तो म्हणाला. अगदी सहज. "सोपं असतं रे. शाळेत कुणी असं सांगितलं असतं तर मी शाळा सोडली नसती."

 शाळा त्याने समजत नव्हतं म्हणून सोडली नव्हती. माझ्यासाठी सोडली होती. ते तो विसरला होता.

मी गाडीकडे बघितलं... डावी बाजू दोन बोटं खाली.

मी काकूंकडे गेलो, हातापाया पडलो. त्या बिचाऱ्या लगेच आल्या. गाडीपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, पुरे. त्या मुलाला सोडा."

काही झालं नाही.

"अहो, ऐकताय ना?"

काहीच नाही. दादा गाडीखालून म्हणाला, "काकू, जरा बाजूला होता का? उजेड अडतोय."

काकू तिथेच एका जुन्या टायरवर बसल्या आणि रडायला लागल्या. "एकदा सांगितलं की ऐकायचे रे. तेच दुसऱ्यांदा सांगितलं तर कधीच नाही. उभ्या संसारात तेच केलं त्यांनी."

मी हात टेकले. पण एक गोष्ट माझ्या हातात होती. म्हणजे मला वाटलं होतं की आहे.

आमचं मशीन आकडा देण्याआधी त्या दिवसाची हवा विचारतं. तापमान किती, दाब किती. गरम हवेत इंजिनाचा दम कमी पडतो, म्हणून कॉम्प्युटर तेवढी भर घालतो. तिथे खोटं तापमान टाकलं, खोटा दाब टाकला की आकडा फुगतो. बाकीचे करतात, मालक खूश होतो. आमच्या शेडमध्ये आजवर कुणी केलेलं नाही. फुगवलेला आकडा इथून बाहेर जाणार नाही, ही दादाची शपथ होती.

मी ती मोडायचं ठरवलं. सरांना एकशे वीस हवे होते ना? घ्या एकशे वीस, आणि माझा भाऊ परत द्या.

पुढच्या रविवारी दादाने गाडी रोलरवर चढवली. आता खरे निघत होते एकशे तेरा. मी सगळे आकडे आधीच बदलून ठेवले होते. टाकताना दोनदा चुकलो होतो.

रन झाला.

एकशे वीस पूर्णांक सहा.

मी माइकवर किंचाळलो, "दादा! झाले! एकशे वीस झाले!"

दादाने डोळे मिटले. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून कपाळ टेकलं. किती दमलेला दिसत होता, काय सांगू. इंजिन बंद झालं. रोलर मंदावत मंदावत थांबले.

आणि गाडीची डावी बाजू... वर यायला लागली.

एक बोट आली.

मी केबिनचं दार उघडून पळत सुटलो. मला त्याला मिठी मारायची होती. लहानपणी मारायचो तशी.

वर येता येता ती बाजू मधेच थांबली.

दादाने मान वळवली आणि रिकाम्या सीटकडे कान दिला. वर्गात बाई काही सांगत असताना हुशार मुलगा ऐकतो तसा. दोन-तीनदा "हो सर, हो सर" म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वाईट वाटल्यासारखं.

"सर विचारतायत, तापमान किती टाकलंस?"

मी मागे वळून केबिनमधल्या स्क्रीनकडे बघितलं.

"दाब किती टाकलास?"

स्प्रिंग कुरकुरली. गाडी पुन्हा दोन बोटं खाली बसली.

 दादा शांतपणे उतरला, भिंतीपाशी गेला आणि खडू घेऊन मी टाकलेले खोटे आकडे जसेच्या तसे लिहिले. मी ते कुणालाही सांगितले नव्हते. त्यावर एक मोठी फुली मारली.

त्याला आता चार महिने झाले. डॉक्टर म्हणतात मनाचा आजार आहे, गोळ्या देतात. वहिनी माहेरी गेली. दादा शेडमध्येच झोपतो. गाडी एकशे चौदावर अडकली आहे. आणि मला माहीत आहे, त्या इंजिनात एकशे वीस नाहीत. कधीच नव्हते. हे सांगायचं कुणाला? आणि सांगितलं तर सर माझ्या दादाचं काय करतील?

मी रात्र रात्र जागा असतो. पळून जावंसं वाटतं. पण ज्याने मला सोडलं नाही, त्याला सोडून कुठे जाऊ?

उद्या पुन्हा रविवार. आज संध्याकाळी निघताना दादाने हाक मारली. खूप दिवसांनी माझं लहानपणीचं नाव घेऊन. मी आनंदाने वळलो.

म्हणाला, "उद्या कॉम्प्युटरपाशी दोन खुर्च्या ठेव."

मी विचारलं, "दुसरी कुणाला?"

त्याने माझ्याकडे बघत भिंतीवरच्या त्या फुलीकडे बोट केलं. एवढंही समजत नाही का, अशा नजरेने.